हायवे टाळून लांबची बाईक राईड: रूट आखायचा कशावर? गूगल मॅप्स, कुर्विगर, गार्मिन की कागदी नकाशा

लांब जायचंय, हातात पाच-सहा दिवस आहेत, मोठे हायवे नकोत आणि रस्ता बघण्यासारखा हवा. एवढं ठरलं की पहिला घोळ होतो तो रूट कशावर आखायचा याचा. फोनमध्ये आधीच पडलेलं गूगल मॅप्स आहे, बाईकवाल्यांसाठीच बनवलेली कुर्विगर आणि कॅलिमोटोसारखी ॲप आहेत, गार्मिन नाहीतर टॉमटॉमचं वेगळं नॅव्हिगेशन मशीन आहे, आणि टेबलावर पसरायचा कागदी नकाशा तर आहेच. प्रत्येकाचे भक्त आहेत आणि ते आपापसात भांडतही असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरी बसून रूट किती झकास काढता येतो यावर निवड करू नका, कारण थोडा वेळ दिला तर तो सगळ्यांवरच काढता येतो. तुम्ही एक वळण चुकलात की ते काय करतं, यावर निवड करा.

गूगल मॅप्सपासून सुरू करू, कारण निम्मे लोक तिथेच थांबतात. सेटिंगमध्ये ‘हायवे टाळा’ चालू केलं की काम झालं असं वाटतं, पण ते बटण फक्त वजाबाकी करतं. मोठे रस्ते काढून टाकल्यावर जे उरतं त्यातला सगळ्यात लवकर पोचवणारा रस्ता ते शोधतं, आणि तो बहुतेक वेळा त्याच हायवेला चिकटून जाणारा जुना रस्ता निघतो. तिथे टोल वाचवणारे ट्रक असतात, दर थोड्या अंतरावर गाव, सिग्नल आणि स्पीडब्रेकर असतात, म्हणजे हायवेचा सगळा ताप आहे पण वेग नाही. दुसरी गंमत अशी की शहराबाहेरून जाणारा बायपास बऱ्याचदा हायवेमध्ये मोजला जातो, मग ‘टाळा’ चालू असल्यामुळे गूगल तुम्हाला इमानदारीत भर बाजारातून नेतं. म्हणून ते बटण पूर्ण राईडला एकदाच चालू करून सोडून देऊ नका. मोठ्या शहरातून बाहेर पडायला तीस-चाळीस किलोमीटर हायवे घेतला तर कोणी तुमचं रायडरपण काढून घेत नाही, उलट ताजेपणा वाचतो आणि तो पुढच्या घाटात कामाला येतो.

गूगलचा खरा जोर माहितीत आहे. ट्रॅफिक, बंद रस्ते, पेट्रोल पंप उघडा आहे का, मुक्कामाच्या जागेचे फोटो, आणि सगळ्यात कामाचं म्हणजे स्ट्रीट व्ह्यू. अनोळखी रस्त्याचा डांबर-खडी प्रश्न स्ट्रीट व्ह्यूवर दोन मिनिटांत सुटतो, फक्त फोटो कुठल्या वर्षाचा आहे ते बघून घ्या. पण रूट सांभाळायचा म्हटलं की गूगल कच्चं आहे. एका रूटमध्ये साधारण दहाच थांबे टाकता येतात, आणि वळणावळणाच्या दिवसभराच्या रस्त्याला तेवढे पुरत नाहीत. कॉम्प्युटरवर निळी रेघ माऊसने ओढून हव्या त्या रस्त्यावर आणता येते, पण तोच रूट फोनवर पाठवला की ती ओढाताण टिकेल याची खात्री नाही, फोन पुन्हा आपल्या हिशोबाने रस्ता काढू शकतो. जीपीएक्स फाईल, म्हणजे रूट एका ॲपमधून दुसऱ्यात न्यायची फाईल, तर ते थेट घेतच नाही. माय मॅप्स या स्वतःचा नकाशा बनवायच्या गूगलच्याच सोयीत घेतं, तिथे सुंदर रेघही दिसते, पण त्या रेघेवरून बोलून दिशा दाखवणारं नॅव्हिगेशन होत नाही. आणि मुख्य मुद्दा, वळण चुकलात की गूगल पुढच्या थांब्यापर्यंतचा सगळ्यात लवकरचा रस्ता नव्याने काढतं. तुम्ही तासभर बसून शोधलेला नदीकाठचा रस्ता त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. चुकला नाहीत तरी मध्येच ‘वेळ वाचेल’ म्हणून दुसरा रस्ता सुचवतं, तो वाचायला मान खाली घालावी लागते, तेही वळणात.

कुर्विगर आणि कॅलिमोटो ही जर्मन ॲप नेमकी याच माणसांसाठी आहेत. कुर्विगर ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावर चालतं, म्हणजे २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून भरलेला जगाचा नकाशा, त्यात प्रत्येक रस्त्याचा दर्जा आणि बऱ्याच ठिकाणी पृष्ठभागही नोंदलेला असतो. इथे वजाबाकीच्या पुढची गोष्ट होते, रस्ता किती वळतो हे मोजून त्याला पसंती दिली जाते. कुर्विगरमध्ये सगळ्यात फास्ट, फास्ट पण वळणाचा, वळणाचा आणि जास्तच वळणाचा अशा पायऱ्या आहेत, शिवाय मोटरवे, टोल, फेरी बोट, कच्चा रस्ता हे वेगवेगळे टाळता येतात. तिथल्या तिथे गोल राईड काढून देण्याची सोयही दोन्हीकडे आहे, सुट्टीच्या अर्ध्या दिवसाला ती झकास.

लांबच्या राईडला मात्र हावरटपणा करू नका. ‘जास्तच वळणाचा’ लावून साडेतीनशे किलोमीटरचा दिवस काढलात तर दर दोन मिनिटांनी कुठल्या तरी गल्लीत वळायला सांगेल, संध्याकाळपर्यंत डोकं बधिर होईल आणि अंतर काही संपणार नाही. रोज जागा बदलणाऱ्या प्रवासाला ‘फास्ट पण वळणाचा’ हीच पायरी ठीक आहे, आणि ज्या पट्ट्यात खरंच घाट आहे तेवढ्यात वरची पायरी. अजून एक, ही ॲप रस्त्याचा आकार मोजतात, त्यांना नजारा दिसत नाही. पठारावरचा सरळसोट रस्ता, दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर मोकळं रान, किंवा तळ्याच्या काठाने जाणारा सपाट रस्ता, हे त्यांच्या मोजमापात नापास होतात, आणि एखाद्या वसाहतीतले वाकडेतिकडे अंतर्गत रस्ते पास होतात. तेव्हा नजारा तुम्हालाच शोधून तिथे पॉइंट टाकावा लागतो. पृष्ठभागाचंही तसंच, ज्या रस्त्याची नोंद कोणी भरलेली नाही तो कच्चा असला तरी ‘कच्चा टाळा’ मधून सुटून जाऊ शकतो. बारीक, बिननावाचा रस्ता दिसला की सॅटेलाइट फोटोवर रंग बघा, करडा असेल तर बरं, तपकिरी असेल तर विचार करा.

चुकल्यावरचं वागणं इथे बरंच समजूतदार आहे, कारण नवा रस्ता काढतानाही वळणाची पसंती कायम राहते. अडचण नेटवर्कची. डोंगरात सिग्नल गेला की नव्याने हिशोब होईलच असं नाही, म्हणून ऑफलाइन नकाशे आणि ऑफलाइन रूट या दोन्ही सोयी तुम्ही घेतलेल्या प्लॅनमध्ये आहेत का ते निघायच्या आधी बघा. नकाशा उतरवलेला असणं आणि त्यावर रूट काढता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, लोक इथे हमखास गफलत करतात.

आता वेगळं मशीन. गार्मिनची झूमो मालिका आणि टॉमटॉमची रायडर ही यातली ओळखीची नावं. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना हा खर्च फालतू वाटतो, आणि दोन दिवसांच्या राईडला तो फालतू आहेच. पण फोन हँडलवर लावून रोज आठ तास चालवणं हा प्रकार फोनसाठी बनलेला नाही. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की दमदार इंजिनाच्या बाईकवर थेट लावलेल्या आयफोनच्या कॅमेऱ्याची यंत्रणा कंपनांमुळे बिघडू शकते, आणि वापरासाठी बाहेरचं तापमान ० ते ३५ अंश असावं असंही त्यांचं म्हणणं आहे. भर उन्हात, चार्जिंगला लावलेला, पूर्ण ब्राइटनेसवरचा फोन किती तापतो ते ज्याने बघितलंय त्याला जास्त सांगायला नको. पावसात थेंब स्वतःच बटणं दाबत सुटतात ते वेगळंच. झूमो एक्सटीसारखं मशीन पाऊस, ऊन आणि ग्लोव्हज धरूनच बनवलेलं असतं, साडेपाच इंचाची स्क्रीन आणि बाईकच्या बॅटरीवर कायमचं जोडलेलं. गार्मिनमध्ये ‘ॲडव्हेंचरस राउटिंग’ आहे, त्यात वळणं, चढ आणि मोठे रस्ते किती टाळायचे हे सरकवून ठरवता येतं. टॉमटॉम रायडरमध्येही वळणं आणि चढ यांच्या पायऱ्या आहेत.

मशीनचा त्रास वेगळा. मेनू खोल, नकाशा अपडेट करायला वेळ लागतो, आणि ते हट्टी असतं. इथे जीपीएक्सबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण ‘घरी वेगळा रूट होता, मशीनवर वेगळाच आला’ ही तक्रार बहुतेक इथूनच निघते. जीपीएक्स फाईलमध्ये रूट असू शकतो किंवा ट्रॅक. रूट म्हणजे मोजके पॉइंट, त्यांच्या मधला रस्ता मशीन स्वतःच्या नकाशावर, स्वतःच्या सेटिंगप्रमाणे काढतं. घरी कुर्विगरमध्ये ‘वळणाचा’ लावून काढलेले आठ पॉइंट तुम्ही ‘फास्ट’ वर ठेवलेल्या मशीनमध्ये टाकलेत तर मधला रस्ता बदलणारच, त्यात मशीनची चूक नाही. ट्रॅक म्हणजे दाण्यादाण्याने टाकलेली पूर्ण रेघ, ती बदलत नाही, पण तिच्यावरून चुकलात तर बऱ्याच ठिकाणी ‘तुम्ही रेघेवर नाही’ यापलीकडे मदत मिळत नाही. माझा सल्ला असा की फाईल काढताना दोन्ही घ्या, रूट बोलून दाखवायला आणि ट्रॅक मागे रंगीत रेघ म्हणून, दोन्ही एकमेकांवरून सरकले की लगेच कळतं.

पॉइंट टाकायचीही एक पद्धत आहे. चौकावर कधीही टाकू नका, चौकातून हव्या त्या रस्त्याला लागून किलोमीटर-दोन किलोमीटर पुढे गेल्यावर टाका, म्हणजे मशीनला दुसरा पर्यायच राहत नाही. गावाच्या नावावर टाकू नका, ते तुम्हाला पार मधल्या चौकापर्यंत घेऊन जातं. आणि पूर्ण झूम करून टाका, दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूला पडला तर यू-टर्न मारून परत यायला सांगेल. गार्मिनमध्ये थांब्याचा पॉइंट वेगळा आणि नुसता आकार देणारा पॉइंट वेगळा. दुसरा पार केल्यावर काही बोलत नाही, गुपचूप पुढे जातो, तेव्हा जेवण, पेट्रोल आणि मुक्काम सोडून सगळे पॉइंट त्या प्रकारचे ठेवा. नाहीतर एखादा रस्ता बंद निघाला, तुम्ही वळसा घेतलात, की मशीन पुढचे पन्नास किलोमीटर ‘मागे फिरा’ म्हणत बसतं. पॉइंट वगळायचं बटण कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा.

कागदी नकाशाबद्दल थोडक्यात, कारण त्याला मी स्पर्धेत धरतच नाही, तो सुरुवातीला लागतो. मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीच्या नकाशांवर निसर्गरम्य रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असते आणि चढाच्या जागी बाण, एक बाण म्हणजे पाच ते नऊ टक्के, दोन म्हणजे नऊ ते तेरा, तीन म्हणजे त्याहून जास्त. एकास दोन लाख प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे दोन किलोमीटर, आणि अख्खा दिवस एका नजरेत येतो. कुठलंही ॲप ज्याला मोजू शकत नाही तो नजारा कोणीतरी माणसाने बघून तिथे हिरवा केलाय. अर्थात रस्ता आज बंद आहे का हे कागद सांगणार नाही. इटलीतल्या २७५७ मीटर उंचीच्या स्टेल्व्हिओसारखे घाट बर्फामुळे हिवाळाभर बंद असतात, आणि अशा उंचीवर जाणाऱ्या रूटला पर्यायी रस्ता आधीच फाईलमध्ये हवा.

कशावरही आखा, वेळेचा आकडा मात्र कोणाचाच मानू नका. बहुतेक हिशोब थांबे न धरता असतो. छोट्या वळणाच्या रस्त्यांवर थांबे, फोटो, पेट्रोल धरून ताशी चाळीस-पन्नासची सरासरी पडली तरी खूप, म्हणजे अडीचशे-तीनशे किलोमीटरचा दिवस हा पूर्ण दिवस आहे. टाकी पंधरा लिटरची आणि मायलेज पंचवीसचं असेल तर कागदावर पावणेचारशे होतात, पण छोट्या रस्त्यांवर पंप विरळ असतात म्हणून अडीचशेच्या आत एक पंप रूटवर टाकलेला बरा.

मग घ्यायचं काय. वर्षातून एखाददुसरी राईड, तीही नेटवर्क असलेल्या भागात, एकट्याने आणि रस्ता थोडा इकडेतिकडे झाला तरी हरकत नाही, तर गूगल मॅप्स पुरे. प्रत्येक दिवसाचे दोन-तीन तुकडे करा, प्रत्येक तुकडा वेगळा सेव्ह करा, म्हणजे थांब्यांची मर्यादाही नडत नाही. रस्ता हाच ज्यांचा मुद्दा आहे त्यांनी कुर्विगर किंवा कॅलिमोटो घ्यावं, आणि फोन बाईकवर लावायचा तर कंपन शोषणारा माउंट घ्यावा, किंवा जुना फोन त्या कामाला ठेवावा, मला दुसरं जास्त पटतं. आठवड्याच्या वरची राईड, पाऊस-ऊन दोन्ही, रोज नवीन मुक्काम, असं वर्षात बऱ्याचदा होत असेल तर मशीनचे पैसे वसूल होतात, पण आखणी तरीही कॉम्प्युटरवर कुर्विगरमध्येच करा आणि फाईल मशीनमध्ये टाका, त्या छोट्या स्क्रीनवर रूट आखणं म्हणजे शिक्षा आहे.

ग्रुपने जात असाल तर एकानेच आखावं आणि सगळ्यांना ट्रॅक द्यावा, रूट नाही. रूट दिलात तर पहिल्या मोठ्या चौकात चार फोन चार दिशा दाखवतील. काहीही घेतलंत तरी निघायच्या आधीच्या रविवारी घराजवळ पन्नास किलोमीटरचा एक रूट त्यात टाका, मुद्दाम दोन वळणं चुका, एकदा फोनचा डेटा बंद करून चुका, आणि ते तुम्हाला परत कुठे नेतं ते बघा. ते जर आखलेल्या रस्त्यावर परत न आणता सरळ शेवटच्या ठिकाणाकडे घेऊन निघालं, तर सेटिंग बदला, नाहीतर ॲप.