एक्सल बूट किट: निओप्रीन, टीपीई की सिलिकॉन?

एक्सल बूट म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटवरचं घड्यांचं लवचीक आवरण; ते ग्रीस आत आणि धूळ-पाणी बाहेर ठेवतं. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीला असे चार बूट असतात: दोन चाकाच्या बाजूला, दोन गिअरबॉक्सच्या बाजूला. दुकानात किट मागितलं की बहुतेक गिऱ्हाईक बूट दाबून बघतं आणि मऊ लागला तो चांगला असं ठरवून मोकळं होतं. या परीक्षेत सगळ्यात टिकाऊ बूट नापास होतो आणि सगळ्यात कच्चा पास होतो. बाजारात मिळणाऱ्या प्रकारांबद्दल आमचं मत असं.

आधी बुटाला काय सोसावं लागतं ते बघू. फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, चाकाकडचा जॉइंट ४५ अंशांच्या आसपास वाकतो. बुटाच्या एका बाजूच्या घड्या ताणल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या एकमेकींवर दाबून घासतात, आणि तेही फिरता फिरता. वर खडी, चिखल, पाणी. गिअरबॉक्सकडचा जॉइंट कोनात कमी वाकतो, पण आतबाहेर सरकतो आणि बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरच्या पाइपाजवळ असल्याने भाजून निघतो. म्हणून दोन्ही टोकांना एकच मटेरियल हवं, असा हट्ट धरू नये.

निओप्रीन हे नेहमीचं काळं रबर. ग्रीसला बऱ्यापैकी दाद देत नाही, साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत निभावतं आणि साधी क्लिपही त्यावर नीट बसते. शत्रू म्हणजे हवेतला ओझोन. तो ताणलेल्या रबरालाच धरतो, त्यामुळे चिरा घडीच्या तळाशी, क्लिपला समांतर सुरू होतात. वरून बूट धडधाकट दिसतो; चाक पूर्ण वळवून घडी उघडली की बारीक रेषा दिसतात. नव्या निओप्रीन बुटावर कधी राखाडी-पांढरट थर दिसतो. तो पाहून माल जुना म्हणून परत करू नका. ओझोनपासून बचावासाठी मिसळलेलं मेण पृष्ठभागावर आलेलं असतं. चांगल्या प्रतीचा निओप्रीन बूट आजही योग्य खरेदी आहे, विशेषतः गाडीला मूळचा तोच असेल तर.

चाकाच्या बाजूला मात्र आमची पहिली पसंती टीपीई, म्हणजे थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर. हाताला प्लास्टिकसारखा लागतो, नखाने वाजवला तर टकटक वाजतो. भिंत पातळ असूनही खडीने सहज फाटत नाही आणि ओझोनने तडकत नाही. वेगात फिरताना निओप्रीनसारखा फुगतही नाही. दोष दोन. पावसात ओल्या घड्या एकमेकींवर घासून कधी चुंई असा आवाज येतो. त्याने बुटाचं काही बिघडत नाही. दुसरा दोष महत्त्वाचा: कडक असल्याने त्याला क्लिपची पकड जोरात आणि सगळीकडून सारखी लागते. स्क्रूची होज क्लिप किंवा प्लास्टिकचा टाय लावला तर स्क्रूपाशी फट राहते आणि ग्रीस गळतं. मग दोष मात्र बुटाला दिला जातो. कानाची (वरचा उंचवटा दाबून आवळायची) स्टेनलेस क्लिप आणि ती दाबायचा खास पक्कड हवाच. किटात अशी क्लिप नसेल तर ते किट घेऊ नका.

टीपीई बूट फुगवून साच्यात घडवलेले असतात, त्यामुळे हलक्या मालात जाडी सारखी येत नाही. बूट उजेडापुढे धरून घड्यांच्या शेंड्यांवरून बोट फिरवा. एक बाजू दुसरीपेक्षा लवचीक लागली तर तिथे भिंत पातळ आहे आणि तिथूनच फुटेल.

सिलिकॉन २०० अंशांपर्यंत टिकतं, म्हणून तापलेल्या पाइपाजवळच्या आतल्या जॉइंटला ते शोभतं. चाकाकडे नको. एकदा खड्याने छेद गेला की चीर पुढे पळत जाते, शिवाय तेलाचा अंशही त्यातून झिरपतो. रंगीत, झुळझुळीत, मऊ म्हणून चारही बाजूंना सिलिकॉन टाकणं म्हणजे पैसे वाया.

शंकूवरून ताणून चढवायचे ‘सगळ्या गाड्यांना चालणारे’ बूट आम्ही सुचवत नाही. ते कायम ताणलेले राहतात आणि ओझोनला नेमकं तेच हवं असतं. उभे चिरलेले, शाफ्टभोवती गुंडाळून कडा चिकटवायचे बूट गाडी गावापर्यंत न्यायला ठीक. चिकटवायच्या कडेला ग्रीसचा एक थेंब लागला तरी गोंद धरत नाही.

बसवताना बिघडतं ते बहुधा चार ठिकाणी. जुनं ग्रीस डिझेलने धुऊन तसंच नवं भरतात. उरलेलं डिझेल नवं ग्रीस पातळ करतं. ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण सुकवा आणि जॉइंटमधल्या पोलादी गोळ्यांच्या खाचांवर बोट फिरवा. खड्डे लागले तर नवा बूट घालण्यात अर्थ नाही, जॉइंटच बदलावा लागेल. ग्रीस मॉलिब्डेनम डायसल्फाइडचंच हवं, व्हील बेअरिंगचं नको. छोट्या गाडीच्या बाहेरच्या जॉइंटला साधारण ८० ते १०० ग्रॅम लागतं. किटातली पुडी अख्खी वापरा, निम्मं जॉइंटमध्ये दाबून आणि उरलेलं बुटात. बूट बसतो ती खाच कोरडी पुसा, नाहीतर बूट शाफ्टवर घसरून फिरतो. आणि छोटी क्लिप दाबण्याआधी बुटाच्या तोंडाखाली बोथट स्क्रू-ड्रायव्हर सरकवून आतली हवा सोडा. ती अडकली तर बूट एकीकडे फुगतो किंवा आत ओढला जातो आणि तिथेच घडी कापते.

टीपीई बूट चढत नसेल तर दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवून पुसून घ्या. हातोडीने ठोकू नका. तीन पाकळ्यांच्या आतल्या जॉइंटला बुटाची आतली बाजूही तशाच आकाराची असते. पाकळ्या जुळवूनच क्लिप दाबा. उघडताना काढलेलं सर्कलिप (जॉइंट शाफ्टवर अडकवणारी कडी) आणि एक्सल नट पुन्हा वापरू नका.

पाचेकशे किलोमीटरनंतर चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. क्लिपच्या कडेला नुसता ग्रीसचा पुसट डाग असेल तर तो बसवतानाचा आहे, पुसून टाका. पुसल्यानंतर पुन्हा ओलं कडं उमटलं, किंवा रिमच्या आतल्या बाजूला ताजे शिंतोडे दिसले, तर क्लिप सैल आहे. तेव्हाच बदलली तर जॉइंट वाचतो.