काळी समुद्रकाकडी ओळखताना: बाह्यलक्षणे पाहावीत की कातडीतील कणिका?

लक्षद्वीपच्या किंवा मन्नारच्या आखाताच्या उथळ पाण्यात होलोथुरिया आट्रा आणि होलोथुरिया ल्युकोस्पिलोटा या दोन काळ्या समुद्रकाकड्या (समुद्रतळावर राहणारे लांबट, मऊ अंगाचे प्राणी) नवख्या निरीक्षकाला हमखास चकवतात. दोघींचे संस्पर्शक, म्हणजे तोंडाभोवतीचे स्पर्शावयव, ढालीच्या आकाराचे असल्याने त्यांवरून फार तर मोठ्या गटापर्यंत पोहोचता येते, जातीपर्यंत नाही.

प्राणी जिवंत असेल तर माझा कौल बाह्यलक्षणांना आहे. आट्रा उघड्या वाळूवर पडलेली असते. तिच्या अंगावर वाळूचा पातळ थर असतो आणि त्यात पाठीवर वाळू न चिकटलेले गोल ठिपके ओळीने दिसतात. तिची कातडी चोळली तर बोटांना तांबडा रंग लागतो. ल्युकोस्पिलोटा अधिक लांब व मऊ असते आणि बहुधा मागचे टोक दगडाखाली ठेवून पुढचा भाग बाहेर पसरते. तिला डिवचले तर गुदद्वारातून पांढरे चिकट धागे, म्हणजे क्युव्हिएरियन नलिका, बाहेर पडतात. आट्रामध्ये त्या नसतातच. मात्र केवळ खात्रीसाठी प्राण्याला असा त्रास देणे योग्य नव्हे.

नमुना वाळवलेला किंवा उकडलेला असेल, तर रंग, वाळू आणि धागे यांपैकी काहीच भरवशाचे उरत नाही. तेथे कातडीतील चुन्याच्या सूक्ष्म कणिकांनाच विचारावे लागते. पाठीच्या कातडीचा कणभर तुकडा काचपट्टीवर घेऊन त्यावर सोडियम हायपोक्लोराइटचे थेंब टाकले की मांस विरघळते. उरलेल्या कणिका पाण्याने हलक्या हाताने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. मेजासारख्या कणिका दोन्ही जातींत असतात, म्हणून फरक त्यांच्या सोबत्यांत शोधावा: आट्रामध्ये फांद्या फुटलेल्या फुलासारख्या रोझेट, तर ल्युकोस्पिलोटामध्ये जोडीजोडीने छिद्रे असलेल्या चपट्या, लांबट गुंड्या. पाठ, पोट आणि संस्पर्शक येथील कणिका वेगवेगळ्या असू शकतात, त्यामुळे एकाच जागेच्या तुकड्यावर निकाल देऊ नये. घशाभोवतीचे चुनखडीचे वलय पाहण्यासाठी विच्छेदन करावे लागते आणि या जोडीपुरता त्याचा उपयोग थोडा.

कणिकांचा मार्ग निवडणाऱ्याने नमुना इथेनॉलमध्येच ठेवावा, कारण आम्लयुक्त फॉर्मालिनमध्ये कॅल्शियम कार्बोनेट विरघळून पुरावाच नाहीसा होतो. शिवाय 2001 पासून भारतात सर्व समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने, परवानगीशिवाय नमुना गोळा करता येत नाही. किनाऱ्यावर फिरणाऱ्या हौशी अभ्यासकाने छायाचित्र आणि अधिवासाची नोंद यांवरच थांबावे.