१२० एलईडींची पळती माळ: ५५५, ४०१७ आणि यूएलएन२८०३, काही महिन्यांच्या वापरानंतर

रोज संध्याकाळी काही तास चालणारी लाल एलईडींची माळ. इतक्या वापरात एकही आयसी गेला नाही: ना ठोके देणारा ५५५, ना ते ठोके मोजून एकेक आउटपुट पाळीने चालू करणारा ४०१७, ना एलईडींचा करंट पेलणारा यूएलएन२८०३. कुरकुर केली ती जोडांनी आणि प्रीसेटने (वेग जुळवायचा बदलता रेझिस्टर).

लांब माळ म्हटली की पुष्कळ जण एकामागे एक ४०१७ जोडायला जातात. उगाच खटाटोप. ४०१७ चार पायऱ्यांवर रिसेट करायचा (पिन १० थेट पिन १५ ला) आणि ३, २, ४, ७ या पिनांचे आउटपुट यूएलएन२८०३ मधून माळभर फिरवायचे. १, ५, ९ क्रमांकाचे एलईडी एका सिरीजमध्ये, २, ६, १० दुसऱ्या, असं पुढे. उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत पळताना दिसतो आणि तारा लागतात पाचच. दोनच गट केले तर मात्र दिशा कळत नाही, नुसती उघडझाप होते.

१२ व्होल्टपैकी तीन लाल एलईडी साधारण ६ घेतात, यूएलएन १ खातो. उरलेल्या ५ साठी ४७० ओहम, म्हणजे १० मिलिअँपिअरच्या आसपास. यूएलएनच्या एका चॅनेलवर (म्हणजे एका आउटपुटवर) अशा १० सिरीज, एका वेळी चॅनेल एकच चालू. त्यामुळे ५०० मिलिअँपिअरचा अडॅप्टर भरपूर झाला. पांढरे लावायचे तर सिरीजमध्ये दोनच घ्या, रेझिस्टर तोच चालतो. तीन बसवले तर रेझिस्टरवर जेमतेम दीड व्होल्ट उरतो आणि अडॅप्टर जरा हलला की उजेड हलतो.

वेगासाठी ५५५ ला १० किलोओहम, मग १० किलोओहम अधिक १०० किलोओहमचा प्रीसेट, आणि १ मायक्रोफॅरड. सेकंदाला ६ ते ४८ पावलं मिळतात. डोळ्याला १२ च्या आसपास बरं वाटतं. कपॅसिटर पॉलिस्टरचाच घ्या, इलेक्ट्रोलिटिकची गळती वेग बदलते. उघड्या प्रीसेटमध्ये धूळ बसली की माळ मधेच मंदावते. वेग ठरला की तो काढून एकूण ५६ किलोओहमचा पक्का रेझिस्टर टाकावा. पावलं गाळली जात असतील तर आधी ग्राउंड बघा: यूएलएनची ग्राउंड तार वेगळी, थेट अडॅप्टरपर्यंत न्या आणि प्रत्येक आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरड द्या.

खरी डोकेदुखी एलईडीच्या पायांची. सोल्डर शोषून तार जिथपर्यंत कडक होते, नेमकी तिथेच ती वाकून तुटते. श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) पायापासून तारेच्या इन्सुलेशनवर सेंटीमीटरभर तरी चढायलाच हवी.

दर चौथा असे तीन दिवे एकदम गेले तर एक सिरीज तुटली समजा. तुटलेली जागा शोधायला ४०१७ चा पिन १३ ग्राउंडला १० किलोओहममधून जोडा आणि त्याच पिनवर १२ व्होल्टचं बटण ठेवा. बटण दाबलं की माळ जागीच थांबते. त्या सिरीजचा चॅनेल चालू असताना थांबवून मीटर एकेका एलईडीवर लावायचा. जिथे बहुतेक सगळं व्होल्टेज सापडेल, तिथेच जोड सुटलाय.