एम.एड.नंतर: डाएट की अध्यापक महाविद्यालय?

एम.एड. झालं आहे, नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) हातात आहे, आणि मुलांना शिकवण्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, शिक्षक घडवण्यात रस आहे. अशा माणसापुढे महाराष्ट्रात मुख्यतः दोनच वाटा असतात. एक अध्यापक महाविद्यालयाची, म्हणजे आपल्या बी.एड. कॉलेजची. दुसरी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे डाएटची. विद्यापीठांचे शिक्षणशास्त्र विभाग आहेत, शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या संस्था म्हणून दिल्लीची नीपा आहे, छत्रपती संभाजीनगरची मिपा आहे. पण तिथल्या जागा इतक्या मोजक्या की त्यांच्या भरवशावर कोणी आयुष्याचं गणित मांडू नये.

मी मूळचा जिल्हा परिषदेचा शिक्षक, विषय गणित. काही वर्षं एका डाएटमध्ये विषय सहायक म्हणून प्रतिनियुक्तीवर होतो. पुढे डाएटच्या अधिव्याख्याता पदाच्या परीक्षेला बसायचं की कॉलेजांच्या जाहिरातींना अर्ज करायचे, हे ठरवायची वेळ आली. आता मी एका अनुदानित अध्यापक महाविद्यालयात आहे, त्यामुळे माझा कल कुठे असेल हे उघड आहे. तरीही डाएटबद्दल मनात आदर आहे आणि तो का आहे हे आधी सांगतो. पात्रता, वयोमर्यादा, अभ्यासक्रम या गोष्टी तुम्ही पाहिल्याच असतील, त्या इथे पुन्हा लिहीत नाही.

डाएटची कल्पनाच मोठी होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ती आली. प्राथमिक शिक्षणाच्या प्रश्नांची उत्तरं राज्याच्या राजधानीत न शोधता प्रत्येक जिल्ह्याने आपल्या शाळांत शोधावीत आणि त्यासाठी जिल्ह्याची स्वतःची एक अभ्यासू संस्था असावी, असा तो विचार. म्हणून तिच्या मूळ रचनेत सेवापूर्व आणि सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या जोडीला अभ्यासक्रम व मूल्यमापन, शैक्षणिक तंत्रज्ञान, कार्यानुभव, नियोजन व व्यवस्थापन असे स्वतंत्र विभाग ठेवले गेले. एखादा शिक्षण प्रशासनाचा अभ्यासक असेल तर नियोजन व व्यवस्थापन विभागासारखी जागा त्याला कॉलेजात मिळणार नाही. तिथे संचमान्यता (पटानुसार शाळेला मंजूर होणारी शिक्षकसंख्या), समायोजन (जास्तीच्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावून घेणं), यू-डायसची म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसंचाची आकडेवारी हे पुस्तकातले शब्द राहत नाहीत. एका तालुक्यात शिक्षक जास्त आणि शेजारच्या तालुक्यात वर्ग शिक्षकांविना असं का होतं, ते समोरच्या कागदांतून उलगडत जातं.

दुसरं म्हणजे जिल्हा पाहायला मिळतो. डाएटमध्ये गेलो नसतो तर वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा आणि तालुक्याच्या गावची आठशे पटाची शाळा एकाच आठवड्यात पाहण्याचा योग मला आला नसता. बहुवर्ग अध्यापन म्हणजे काय, हे चार इयत्ता एका खोलीत घेऊन बसलेल्या गुरुजींकडे बघितल्याशिवाय कळत नाही. बी.एड.चा माणूस मुख्यतः पाचवीच्या पुढे वावरतो. पहिलीतलं मूल पहिल्यांदा संख्या ओळखतं तेव्हा नेमकं काय घडतं, हे त्याच्या नजरेतून सुटतं. मला आजही वर्गात सांगायला जी उदाहरणं सुचतात, त्यांतली बरीचशी त्या फिरतीतली आहेत.

राहण्याचा प्रश्न मात्र आधीच समजून घ्या. बरीच डाएट जिल्ह्याच्या ठिकाणी नाहीत. साताऱ्याचं फलटणला, सोलापूरचं वेळापूरला, लातूरचं मुरुडला, बीडचं अंबाजोगाईला. बदली झाली की जोडीदाराची नोकरी आणि मुलांची शाळा यांचा विचार करावा लागतो. गोव्यात हा प्रश्न येत नाही, तिथे सगळ्या राज्याला मिळून पर्वरीचं एकच डाएट आहे. पण मग जागाही तेवढ्याच.

आता ज्या गोष्टीमुळे माझा निर्णय झाला ती सांगतो. इतरांना ती कदाचित एवढी बोचणार नाही.

डाएटमध्ये मी ज्या शिक्षकाला प्रशिक्षण देत होतो, तो मला पुन्हा भेटत नव्हता. प्रशिक्षणाचं पत्र यायचं, मॉड्यूल वरून तयार होऊन यायचं, राज्यस्तरावर तज्ज्ञ तयार व्हायचे, ते जिल्ह्याला शिकवायचे, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. दोन-तीन दिवसांत एक गट संपायचा, दुसरा यायचा. एखादे सर मधल्या सुट्टीत थांबून विचारायचे की वजाबाकीत हातचा घेताना मुलं वरच्या अंकातून खालचा वजा न करता नेहमी मोठ्यातून लहान वजा करतात, त्यावर काय करू? हा प्रश्न खरा असायचा, वर्षानुवर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाचा असायचा. मी सुचवायचो की दशकाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या घेऊन मुलालाच गठ्ठा सोडू द्या, लिहायची घाई करू नका. ते वहीत टिपून घ्यायचे. पुढे काय झालं? गठ्ठा सोडवून पाहिला का, मुलं कुठे अडली, माझी सूचना चाळीस मुलांच्या वर्गात चालण्याजोगी होती का? मला कळायचंच नाही. त्यांच्या शाळेत जायचं मी मनाशी ठरवायचो आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या विषयाचं, दुसऱ्या इयत्तेचं, कधी अगदी वेगळ्याच मोहिमेचं पत्र यायचं. मग उपस्थितीपत्रकं, छायाचित्रं, लिंक भरणं, ‘माहिती तात्काळ सादर करावी’. किती शिक्षक प्रशिक्षित झाले याचं उत्तर माझ्याकडे रोज तयार असायचं. त्यांतला एक तरी वर्ग बदलला का, याचं नसायचं.

शाळाभेटी होत्या, नाही असं नाही. पण भेटीचा नमुना ठरलेला, रकाने ठरलेले, आणि एका दिवसात इतक्या शाळा की एका वर्गात तासभर शांत बसणं जमायचं नाही. हा कुणा व्यक्तीचा दोष मला वाटत नाही. तिथले सहकारी मनापासून राबणारे होते. पदं रिकामी असायची, एकेका माणसाकडे तीन-तीन कार्यभार असायचे. राज्यभरातल्या लाखो शिक्षकांपर्यंत पोहोचायचं तर अशी उतरंड लागतेच, हेही मला मान्य आहे. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा देशभरातले सुमारे ४२ लाख शिक्षक हे लक्ष्य होतं. एवढ्या मोठ्या कामात प्रत्येकाच्या वर्गात परत जाणार कोण?

पण परत जाण्याने काय होतं हे आपल्या राज्याने पाहिलं आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे. तिथे एक विस्तार अधिकारी आपल्याच बीटमधल्या शाळांत, त्याच शिक्षकांबरोबर सातत्याने काम करत राहिल्या. बाकीच्यांनी तिथून फरशीवरच्या आकृत्या आणि रंगरंगोटी उचलली. मला त्यातलं घेण्याजोगं वाटलं ते हे सातत्य, आणि माझ्या जागेवर नेमकं तेच मला मिळत नव्हतं.

कॉलेजात ते मिळालं. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हा अनेकांनी नाराजी व्यक्त केली. विद्यार्थ्यांच्या खर्चाच्या बाजूने ती रास्तही होती. शिकवणाऱ्याच्या बाजूने मात्र मला ही दोन वर्षं अमूल्य वाटतात. तोच छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चा विद्यार्थी, सूक्ष्म अध्यापनात पाच-सहा मिनिटांचा पाठ घेताना दिसतो, मग सुटी कौशल्यं एकत्र जोडणाऱ्या सेतुपाठात, मग सराव पाठात आणि शेवटी शाळेतल्या आंतरवासितेत. पहिल्या वर्षी ४ आठवडे आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे तो शाळेत असतो, आणि तुम्ही शेवटच्या बाकावर बसून त्याला पुन:पुन्हा पाहू शकता.

माझी एक छात्राध्यापिका प्रश्न विचारून त्याचं उत्तर स्वतःच द्यायची. ऋण संख्यांची बेरीज शिकवत होती, मुलं विचारात पडलेली, आणि हिला ती शांतता सहन व्हायची नाही. पाठाच्या वहीत मी शेरा लिहिला, चर्चा केली. पुढच्या पाठात तेच. त्याच्या पुढच्याही. मग आम्ही तिच्या टाचणात प्रश्नांच्या पुढे ‘थांब’ असं लिहायला सुरुवात केली. आंतरवासितेच्या मधल्या टप्प्यात कधीतरी तिने प्रश्न विचारला आणि फळ्याला पाठ टेकून उभी राहिली. मागच्या रांगेतल्या मुलाने चुकीचं उत्तर दिलं, दुसऱ्याने ते दुरुस्त केलं, तिने मधे एक शब्दही काढला नाही. हे बदलायला लागलेला काळ कुठल्याही तीन दिवसांच्या प्रशिक्षणात बसत नाही. मी हा बदल मोजलेला नाही, त्याचा आलेख माझ्याकडे नाही. पण तो माझ्या डोळ्यांदेखत झाला.

कॉलेजची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. अनुदानित कॉलेजातलं मंजूर पद मिळालं तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० मूळ वेतनापासून सुरुवात होते आणि पीएच.डी. असेल तर पहिली पदोन्नती चार वर्षांत लागू होऊ शकते. पण अशी पदं किती निघतात? बहुसंख्य कॉलेजं विनाअनुदानित आहेत. तिथे पगार किती आणि कधी, हे व्यवस्थापनावर अवलंबून. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला सुट्टीत काहीच मिळत नाही. माझ्या ओळखीतली उत्तम शिकवणारी माणसं त्या अनिश्चिततेने थकून पुन्हा शाळेत गेली आहेत. त्यांना मी दोष देणार नाही.

शिवाय बी.एड.चं भवितव्य हलतं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. पात्रता चालणार नाही असा निकाल दिला. २०२० च्या धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे (पदवी आणि बी.एड. एकत्र) बोट दाखवलं आहे, तो २०२३-२४ पासून काही संस्थांत सुरूही झाला. एकट्याने चालणाऱ्या छोट्या बी.एड. कॉलेजांना याची झळ बसेल असं मला वाटतं. उलट २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डाएटना उत्कृष्टता केंद्रं करण्याची घोषणा झाली होती. ती मनापासून राबवली गेली, माणसं भरली गेली आणि अधिव्याख्यात्याला आपल्या निवडक शाळांत वर्षभर जाण्याची मोकळीक मिळाली, तर माझा मुख्य आक्षेपच संपतो. तसं झालं तर मला आनंद होईल.

त्यामुळे ज्याला व्यवस्था हलवायची ओढ आहे, ज्याला फाईल वाचून कंटाळा येत नाही, सरकारी सेवेची स्थिरता हवी आहे आणि बदल्यांची तयारी आहे, त्याने डाएटकडेच जावं. पुढे शिक्षणाधिकाऱ्याच्या खुर्चीत वर्ग जवळून पाहिलेला माणूस बसावा, ही जिल्ह्याची गरजच आहे. ज्याला एका माणसात होणारा बदल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचा आहे, त्याला, अनुदानित पद मिळत असेल तर, मी कॉलेज सुचवेन. फक्त विनाअनुदानित पर्यायच समोर असेल आणि घर तुमच्या पगारावर चालत असेल, तर मात्र डाएटची परीक्षा आधी द्या.

कॉलेजची जाहिरात आली तर अर्ज करण्यापूर्वी तिथे एक चक्कर मारा. पद मंजूर आहे का, नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मिळणार का, हे विचाराच. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या निकषांप्रमाणे दोन्ही वर्षांच्या मिळून २०० विद्यार्थ्यांमागे १६ पूर्णवेळ अध्यापक हवेत. प्रत्यक्षात किती जण आहेत ते पाहा. मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, तुझे पाठ कोण बघतं आणि पाठ संपेपर्यंत थांबतं का.