‘न चाळलेल्या’ वीस रोमन नाण्यांचे पाकीट

प्राचीन नाण्यांच्या छंदात नव्याने शिरलेल्या माणसाला विक्रेत्यांच्या याद्यांमध्ये सर्वांत आधी भुरळ पडते ती साफ न केलेल्या रोमन नाण्यांच्या पाकिटांची. मातीने माखलेली, पहिल्या नजरेला खड्यांसारखी दिसणारी नाणी एकगठ्ठा मिळतात, आणि माती निघाल्यावर कोणता सम्राट हाती लागेल हे घेणाऱ्यालाच काय, विकणाऱ्यालाही ठाऊक नाही, असा जाहिरातीचा एकंदर आव असतो. असेच वीस नाण्यांचे एक पाकीट मी मागवले आणि त्यातले शेवटचे नाणे साफ होऊन, ओळख पटून, चिठ्ठीसह डबीत जाईपर्यंत सात महिने गेले. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जवळजवळ हाच माल जवळजवळ याच शब्दांत विकणारे पुष्कळ आहेत.

वर्णनात तीन गोष्टी ठळकपणे सांगितल्या होत्या: नाणी अस्सल आहेत, ती कोणीही चाळलेली नाहीत, म्हणजे चांगली नाणी आधीच निवडून काढलेली नाहीत, आणि सोबत अथेन्सच्या घुबडाचे एक चांदीचे नाणे भेट मिळेल. पैकी पहिली गोष्ट खरी निघाली आणि याचे श्रेय विक्रेत्याला दिले पाहिजे. वीसही नाणी खरोखर जुनी आहेत. दुसरी गोष्ट मात्र पाकीट उघडताच खोटी ठरली. तीन नाण्यांच्या कडेवर कानशीने घासल्याची ताजी, चकचकीत खूण होती. मातीखाली चांदी आहे की तांबे हे कोणीतरी आधीच तपासून पाहिले होते. सगळी नाणी १४ ते १९ मिलिमीटर व्यासाची आणि चौथ्या शतकातली होती. मोठे कांस्य नाणे एकही नाही, देनारियस, म्हणजे रोमचे चांदीचे नाणे, तर नाहीच. चौथ्या शतकातली छोटी नाणी मुळातच अमाप पाडली गेली, त्यामुळे अशा पाकिटात त्यांचेच राज्य असणार हे समजण्यासारखे आहे. पण जी चाळण लागली होती ती निसर्गाची नव्हती, एवढे नक्की.

सोबत एक छापील चिठ्ठी होती, ‘नाणी कशी साफ करावी’ या मथळ्याची, आणि या संपूर्ण खरेदीतली सर्वांत घातक वस्तू तीच. लिंबाचा रस आणि तारेचा ब्रश वापरा, असा तिचा सल्ला. तांब्याच्या नाण्यावर सोळा-सतरा शतकांत जो हिरवा, तपकिरी किंवा काळसर थर चढतो, ज्याला संग्राहक पॅटिना म्हणतात, त्याच थरात बहुतेक वेळा चेहऱ्याचे आणि अक्षरांचे बारकावे टिकून असतात, कारण आतला मूळ धातू केव्हाच झिजून किंवा गंजून गेलेला असतो. आम्ल लावले की तो थर सुटतो आणि हातात उरते ते गुलाबीसर, खड्डे पडलेले, काहीही न सांगणारे तांबे. चिठ्ठी बाजूला ठेवून मी नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घातली. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचे, मऊ टूथब्रशने हलके घासायचे, पुन्हा भिजत ठेवायचे, असे दोन महिने चालले. त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग, लाकडी दातकोरणे आणि अगदी चिवट जागी सुई. सुईने घाई केली तर सम्राटाच्या गालावर कायमची रेघ उमटते. माझ्या हातून ती दोन नाण्यांवर उमटली आहे आणि तो दोष पूर्णपणे माझा.

पहिले बोलके नाणे निघाले ते १७ मिलिमीटरचे, अडीच ग्रॅमला थोडे कमी. मागच्या बाजूची माती आधी मध्यभागी सुटली आणि तिथे दोन उभ्या काठ्या दिसल्या. काठ्यांच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून, भाला आणि ढाल घेतलेले दोन सैनिक हळूहळू वर आले, आणि कडेने ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’, म्हणजे ‘सैन्याचा गौरव’, हा लेख वाचता येऊ लागला. त्या काठ्या म्हणजे सैन्याचे ध्वज. ही छापणी सुमारे इसवी सन ३३० मध्ये सुरू झाली. ३३५ च्या आसपास नाण्याचे वजन उतरवले गेले आणि त्याच सुमारास दोन ध्वजांचा एकच ध्वज झाला. म्हणजे ध्वज मोजता आले तरी नाण्याचा काळ पाच-सहा वर्षांच्या टप्प्यात बांधता येतो. सैनिकांच्या पायाखाली, रेषेच्या खालच्या पट्टीत, एस, एम आणि के ही अक्षरे आणि त्यांच्यापुढे एक ग्रीक अक्षर होते. पहिली दोन ‘साक्रा मोनेता’ची, म्हणजे शाही टाकसाळीची, ‘के’ म्हणजे मार्माराच्या समुद्रकिनारी असलेले किझिकोस शहर, शेवटचे अक्षर त्या टाकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक. नखाएवढ्या तांब्याच्या तुकड्यावर एवढा पत्ता लिहिलेला असतो, कारण नाणे हलके निघाले तर कोणत्या कारखान्याला धरायचे हे वरच्यांना कळायला हवे.

विक्रेत्याने पाकिटावर ‘प्रामुख्याने कॉन्स्टंटाइन द ग्रेट’ असे लिहिले होते. इथे त्याच्यावर फार रागावता येत नाही. या सम्राटाने आपल्या मुलांची नावे कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टॅन्शियस आणि कॉन्स्टन्स अशी ठेवून पुढच्या सर्व नाणे-संग्राहकांवर सूडच उगवला आहे. लॅटिन लेखात कॉन्स्टंटिनस आणि कॉन्स्टॅन्शियस यांच्यात फक्त एका ‘एन’चा फरक, आणि नेमके तेच अक्षर झिजलेले असते. अशा वेळी आजूबाजूचे शब्द कामाला येतात: ‘नोब’ आणि ‘सी’ दिसले की ते ‘नोबिलिसिमस सीझर’, म्हणजे राज्याभिषेक न झालेला युवराज. या कसोटीने पाहिल्यावर सैनिकांच्या छापाची माझ्याकडे जी सात नाणी निघाली, त्यांतली पाच बापाची नसून मुलांची आहेत.

ही ओळख पटवण्यासाठी मी जी सेवा वापरली तिचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील, कारण पाकिटाचे निम्मे मोल तिच्यामुळे आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने, म्हणजे १८५८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ ही सूची २०१२ मध्ये सुरू केली. ती विनामूल्य आहे. ऑगस्टसपासून पाचव्या शतकाअखेरच्या झेनोपर्यंतचे नाण्यांचे प्रकार तिच्यात आहेत आणि तिचा आधार आहे ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ हा १९२३ ते १९९४ या काळात दहा खंडांत निघालेला सूचीग्रंथ. सम्राट, टाकसाळ, धातू आणि लेखातली दोन-चार अक्षरे एवढे भरले की यादी आटोक्यात येते आणि बऱ्याच प्रकारांखाली मोठ्या संग्रहालयांतल्या नमुन्यांची छायाचित्रेही सापडतात. मात्र ही सूची प्रकार सांगते, तुमच्या हातातल्या नाण्याचा खरेखोटेपणा सांगत नाही. आणि लेखातले काहीच वाचता येत नसेल तर तिच्यात शिरायला दारच उरत नाही. वीसपैकी बारा नाण्यांची सम्राट, छाप आणि टाकसाळ अशी पूर्ण ओळख पटली, पाचांचा नुसता छाप कळला, आणि तीन नाणी शेवटपर्यंत गुळगुळीतच राहिली. पूर्ण ओळख पटलेल्या बारांत वर सांगितलेली सात, रोम्युलस आणि रेमस या दंतकथेतल्या जुळ्या भावांना पाजणाऱ्या लांडगीची दोन, आणि घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाल्याने भोसकणाऱ्या सैनिकाची तीन. या शेवटच्या तिन्हींवर ‘फेल तेम्प रेपारात्सिओ’, म्हणजे ‘सुखाचे दिवस परतले’, असे लिहिले आहे. ही नाणी ३४८ च्या सुमारास, रोमच्या स्थापनेला अकराशे वर्षे होताना निघू लागली. ज्या काळात सुखाचे दिवस परतल्याची घोषणा नाण्यावर करावी लागते, त्या काळाविषयी फारसे वेगळे सांगायला नको.

एका नाण्यावर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके होते, बोटाने पुसले तरी आठवड्याभरात परत येणारे. याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. धातूत शिरलेली क्लोराइडे आणि हवेतला ओलावा एकत्र आले की नाणे आतून पोखरले जाते. ते नाणे वेगळे काढून सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात बरेच आठवडे ठेवले, नंतर पूर्ण वाळवून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत बंद केले. सध्या शांत आहे. विक्रेत्याच्या चिठ्ठीत या रोगाचा एक शब्द नव्हता.

आता ते भेटीचे घुबड. अथेन्सचे खरे चतुर्द्राख्म, म्हणजे चार द्राख्मांचे चांदीचे नाणे, हे ग्रीक नाण्यांतले सर्वांत ओळखीचे नाणे: एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना, दुसऱ्या बाजूला सरळ आपल्याकडे पाहणारे घुबड, त्याच्यामागे ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, समोर अथेन्सच्या नावाची तीन ग्रीक अक्षरे. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतल्या चांदीची ही नाणी इसवी सनपूर्व पाचव्या शतकात प्रचंड संख्येने पाडली गेली आणि त्यांचे वजन सुमारे १७.२ ग्रॅमच्या आसपास कटाक्षाने राखलेले असे. माझे ‘चांदीचे’ घुबड तोलकाट्यावर १३.६ ग्रॅम भरले. भिंगाखाली घुबडाच्या छातीवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले आणि कडेवर साच्याच्या दोन अर्ध्या भागांची जोडरेषा पूर्ण गोल फिरलेली होती. खरे नाणे ठशावर हातोड्याने घाव घालून पाडलेले असते, त्यामुळे कडेला चिरा पडतात, रेखीव भाग धारदार राहतात, आणि अथीनाच्या तुऱ्याचा भाग अनेकदा चकतीबाहेर गेलेला असतो. इथे तुरा मात्र पूर्णच्या पूर्ण, नीट मध्यभागी बसवलेला आणि साबणाच्या वडीसारखा मऊ. प्रतिकृती विकण्यात गैर काही नाही. अमेरिकेत १९७३ च्या हॉबी प्रोटेक्शन ॲक्टनुसार नाण्याच्या नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द उठवणे बंधनकारक आहे, आणि तो असला की कोणाची फसवणूक होत नाही. माझ्या घुबडावर तो नव्हता, वर्णनातही नव्हता. विक्रेत्याला वजन आणि छायाचित्रे पाठवली, तेव्हा ‘भेटवस्तूबद्दलच्या तक्रारी स्वीकारल्या जात नाहीत’ असे उत्तर आले.

तरीही या व्यवहारातला सर्वांत मोठा उणेपणा म्हणून मी घुबडाकडे बोट दाखवणार नाही. नाणी कुठे सापडली, या प्रश्नाला ‘युरोप’ एवढेच उत्तर मिळाले. धातुशोधक यंत्राने शेतातून उपसलेले नाणे शेजारच्या खापरांपासून, भिंतीपासून, थडग्यापासून एकदा तुटले की ते कोणत्या वस्तीचे वय सांगणार होते हे कायमचे पुसले जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये सापडणाऱ्या अशाच क्षुल्लक नाण्यांची ठिकाणे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या नोंदणी योजनेत नोंदवली जातात आणि त्यांतून रोमन वस्त्यांचे नकाशे भरत जातात. माझ्या वीस नाण्यांना ते भाग्य नाही. कागदपत्रांची फिकीर फक्त स्वस्त पाकिटांपुरती आहे असेही नाही. ज्युलियस सीझरच्या वधाची तारीख आणि दोन खंजीर मिरवणारे ब्रूटसचे सोन्याचे नाणे २०२० मध्ये लिलावात ३२ लाखांहून अधिक पौंडांना गेले. पुढे त्याच्या मालकीचा इतिहास बनावट असल्याचे निष्पन्न झाले आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आले. असे पाकीट मी दुसऱ्यांदा घेणार नाही ते याच कारणाने. त्याच रकमेत, जुन्या संग्रहाची चिठ्ठी सोबत असलेली, आधीच साफ केलेली दोन-तीन नाणी मिळतात, आणि आता मला ती घ्यावीशी वाटतात. ज्याला माती काढण्याचाच आनंद हवा आहे आणि विक्रेता सापडल्याचे ठिकाण लेखी द्यायला तयार आहे, त्याने एकदा घेऊन पाहायला हरकत नाही. गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्याने लांबच राहावे.

पाकिटातली सहा नाणी मी ठेवली आणि बाकीची ओळखीच्या माणसांना वाटली. प्रत्येकासोबत व्यास, वजन, कळले असेल तिथे छाप, टाकसाळ आणि सूचीतला क्रमांक, आणि ‘सापडल्याचे ठिकाण अज्ञात’ असे लिहिलेली चिठ्ठी दिली. लांडगीचे एक नाणे भाचीला मिळाले. तिने पुढच्या बाजूवरचा लेख बोट फिरवत वाचला आणि ‘अर्ब्स’ (नगर) या शब्दात ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कसा, असे विचारले. दोन्हींसाठी रोमनांकडे एकच अक्षर होते हे सांगितल्यावर तिने उरलेली सगळी नाणी पुन्हा एकदा मागून घेतली आणि ‘व्ही’ मोजायला बसली. घुबड मात्र कोणाला दिलेले नाही. कोणी नवा माणूस नाणी पाहायला आला की मी आधी तेच त्याच्या हातावर ठेवतो आणि सोबत तोलकाटा देतो. बहुतेक जण कडेवरची रेषा शोधायला पाच मिनिटे घेतात.