पगारपत्रकावरचे ९४ पौंड

ब्रिटनमध्ये जोडीदार व्हिसाच्या अर्जासाठी ११ एप्रिल २०२४ पासून वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड दाखवावे लागते. त्याआधी हा आकडा १८,६०० होता. लेस्टरच्या गोदामातला माझा पगार २३,४००, म्हणजे जुन्या नियमात मी सहज बसत होतो. मात्र मिरजेला पत्नीची इंग्रजीची परीक्षा लांबली, ती तारीख हुकली आणि ५,६०० पौंडांची तूट गळ्यात पडली.

तेव्हा ओळखीतून एक सल्लागार भेटले. मराठी बोलणारे, घरी चहाला येणारे आणि 'तुमच्याकडून काय जास्त घ्यायचे' असे म्हणत २,२०० पौंड घेणारे. त्यांनी एका सफाई ठेकेदाराकडे शनिवार-रविवारची, महिना ४७० पौंडांची दुसरी नोकरी लावून दिली. काम खोटे नव्हते, हे आवर्जून सांगतो. सात महिने मी पहाटे पाचला कार्यालयांच्या फरश्या पुसल्या आणि दरमहा ३७६ पौंड माझ्या बँक खात्यात जमा होत गेले. उरलेले ९४ पौंड प्राप्तिकर म्हणून कापल्याचे पगारपत्रकावर छापलेले असे.

तो कर सरकारकडे कधी पोहोचलाच नाही. ठेकेदाराने माझे नाव एचएमआरसीला, म्हणजे तिथल्या कर खात्याला, कळवलेच नव्हते. गृहखाते अर्जातला पगार त्या खात्याच्या नोंदींशी ताडून पाहू शकते, आणि तिथे माझ्या दुसऱ्या नोकरीचा मागमूस नव्हता. नुसते 'उत्पन्न अपुरे' म्हणून नाकारले असते तर गिळले असते. पण खोटी कागदपत्रे दिल्याचा ठपका आला, तोही पत्नीवर, कारण अर्जदार ती. कागद खोटे आहेत हे तिला ठाऊक नव्हते, एवढ्याने त्या नियमातून सुटका होत नाही. अर्जशुल्काचे १,८४६ पौंड गेले. आरोग्य अधिभाराचे ३,१०५ तेवढे परत मिळाले.

चूक माझ्या डोळ्यांसमोर होती, याची बोच अधिक आहे. त्या पगारपत्रकावर करसंकेत '१२५७एल' होता, जो माझ्या मुख्य नोकरीच्या पत्रकावरही होता. हा संकेत वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त ठेवतो. मग ४७० पौंडांवर कर कापला कसा? दुसऱ्या नोकरीला साधारणपणे 'बीआर' संकेत लागतो आणि सरसकट वीस टक्के कापले जातात. छापणाऱ्याने आकडा बीआरचा घेतला आणि संकेत दुसराच टाकला. शिवाय एचएमआरसीचे ॲप माझ्या फोनमध्येच होते. त्यात प्रत्येक मालकाने कळवलेला पगार दिसतो. सात महिन्यांत मी ते एकदाही उघडले नाही.

पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देणारा वकील नसेल, तर १९९९ च्या कायद्यानुसार त्याची सरकारी नोंदणी असावी लागते. ही यादी सर्वांना पाहता येते. आमच्या सल्लागारांचे नाव तीत नव्हते. नोंदणीकृत सल्लागार बाईंनी नंतर विचारले, 'तुमच्या गोदामात ओव्हरटाइम मिळत नाही का?' मिळत होता, आणि तो उत्पन्नात धरलाही जातो. अपील दाखल केले आहे. सध्या शनिवार-रविवार गोदामातच असतो, आणि पगार झाला की आधी ते ॲप उघडतो.