गुड ‘ॲट’, गुड ‘विथ’ की गुड ‘फॉर’? इंग्रजी विशेषणाला मर्यादा घालताना

शिफारसपत्र लिहिताना ‘गुड’ हे इंग्रजी विशेषण लगेच सुचते. हात अडखळतो तो त्याच्या पुढच्या शब्दावर. एखादी व्यक्ती चांगली आहे एवढे म्हणून भागत नाही. ती कशात चांगली, कोणाशी चांगली, कोणासाठी चांगली की कोणाच्या मानाने चांगली, हे सांगावेच लागते, आणि इंग्रजीत ते काम ॲट, इन, विथ, फॉर, टू, ऑफ ही लहानशी प्रिपोझिशन, म्हणजे नामाआधी येणारे संबंधदर्शक शब्द, करतात. त्यांतले कोणते घ्यावे हे कळण्यासाठी बहुतेक जण विशेषणांच्या याद्या पाठ करतात. याद्या वाईट नाहीत, पण त्या अपुऱ्या पडतात, कारण एकाच विशेषणापुढे चार वेगवेगळी प्रिपोझिशन व्याकरणदृष्ट्या शुद्ध असू शकतात आणि प्रत्येक वेळी अर्थ मात्र निराळा असतो. म्हणून पुढचा पदबंध, म्हणजे प्रिपोझिशन आणि त्याला जोडून येणारे शब्द, विशेषणाला कोणत्या प्रकारची मर्यादा घालतो आहे, हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत आहे.

शिक्षिकेसाठी लिहिलेल्या शिफारसपत्रातले एकच वाक्य जवळून पाहू. ‘शी वॉज गुड विथ द स्टुडंट्स’ याचा अर्थ असा, की मुलांना सांभाळण्याची, त्यांच्याशी जुळवून घेण्याची हातोटी तिच्याकडे होती. ‘शी वॉज गुड टू द स्टुडंट्स’ म्हटले, की ती मुलांशी मायेने वागली एवढेच कळते. तिच्या कौशल्याबद्दल त्यात काही नाही. ‘शी वॉज गुड फॉर द स्टुडंट्स’ म्हणजे तिच्या असण्याने मुलांचे भले झाले, मग ती कडक का असेना. आणि ‘शी वॉज गुड ॲट टीचिंग’ हे वाक्य मुलांबद्दल बोलतच नाही, ते शिकवण्याच्या कामाबद्दल बोलते. पत्र वाचणारा या चारांपैकी एकच गोष्ट समजून घेणार असतो. लिहिणाऱ्याच्या मनात ‘मुलांशी चांगली होती’ हे एकच मराठी वाक्य असते, आणि त्यातल्या ‘मुलांशी’च्या ‘-शी’ या प्रत्ययात हातोटीही बसते आणि मायाही. इंग्रजीत दोन्ही एका शब्दात बसत नाहीत, तेव्हा निवड करावीच लागते. नोकरीच्या शिफारसपत्रात मी ‘विथ’ घेईन. कोणाचे आभार मानताना ‘टू’.

आता ‘ॲट’ आणि ‘इन’. मराठीत दोन्हींसाठी ‘-त’ हा एकच प्रत्यय चालतो: गणितात हुशार, इंग्रजीत पारंगत. त्यामुळे ‘इन’ आपोआप लिहिले जाते. इंग्रजीत मात्र करून दाखवायच्या कौशल्याला ‘ॲट’ लागते, मग विशेषण स्तुतीचे असो वा निंदेचे: गुड, बॅड, ब्रिलियंट, होपलेस, या सगळ्यांपुढे ‘ॲट’. त्यानंतर क्रियापद आले तर ते ‘-इंग’ लावून येते. ‘गुड ॲट टू ड्रॉ’ होत नाही, ‘गुड ॲट ड्रॉइंग’ होते. ज्या विशेषणांत एखाद्या विषयात मुरलेले असणे किंवा गुंतलेले असणे असा अर्थ असतो, ती ‘इन’ घेतात: फ्लुएंट, एक्सपीरियन्स्ड, इंटरेस्टेड. म्हणूनच एकाच भाषेबद्दल ‘गुड ॲट इंग्लिश’ आणि ‘फ्लुएंट इन इंग्लिश’ अशी दोन्ही रूपे दिसतात आणि दोन्ही बरोबर असतात. ‘वीक’ दोन्हींकडे जातो. शालेय विषयांच्या बाबतीत अमेरिकेत ‘गुड इन मॅथ’ असेही ऐकू येते, परंतु ‘ॲट’ कुठेही निर्धास्तपणे चालते, म्हणून शंका असल्यास तेच घ्यावे. आकडेमोड, पैसा, अवजारे अशा हाताळण्याच्या गोष्टी आल्या, की पुन्हा ‘विथ’ पुढे येते: ‘गुड विथ नंबर्स’, ‘केअरफुल विथ मनी’.

शरीराच्या एखाद्या भागापुरती मर्यादा घालायची असते, तेथे मराठी माणसाची चूक ठरावीक असते, आणि तिचे मूळ फार जुने आहे. आपण ‘एका डोळ्याने आंधळा’, ‘पायाने अधू’ म्हणतो, म्हणजे तृतीया वापरतो. ज्या अवयवामुळे शरीराचा विकार दिसतो त्या अवयवाच्या शब्दाला तृतीया लागते, असे पाणिनीने ‘येनाङ्गविकारः’ या सूत्रात (२.३.२०) सांगितले आहे, आणि ‘अक्ष्णा काणः’ हे त्याचे परंपरागत उदाहरण आहे. ती तृतीया मनात इतकी पक्की असते, की इंग्रजीत ‘ब्लाइंड बाय वन आय’ किंवा ‘ब्लाइंड विथ वन आय’ असे लिहिले जाते. इंग्रजी मात्र अवयवाकडे साधन म्हणून पाहत नाही, ती त्याला जागा मानते. म्हणून ‘ब्लाइंड इन वन आय’, ‘डेफ इन वन इअर’. ब्रिटिश आरमाराचा सेनानी ॲडमिरल नेल्सन याची उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ साली कॉर्सिका बेटावरील काल्व्हीच्या वेढ्यात गेली; त्याच्याबद्दल आजचे इंग्रजी ‘ब्लाइंड इन हिज राइट आय’ असे लिहील. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत याच ठिकाणी ‘ऑफ’ सापडते, ‘ब्लाइंड ऑफ ॲन आय’ असे. ते ‘ऑफ’ आता पुस्तकी झाले आहे. ‘हार्ड ऑफ हिअरिंग’ तेवढे रोजच्या बोलण्यात टिकले आहे. तसले नवे प्रयोग स्वतः बनवू नयेत.

याच ‘इन’चा विस्तार आकार, रंग, लांबी यांच्याकडेही होतो. ‘सिमिलर इन साइझ’ उपयोगी आहे, कारण साम्य कशापुरते ते त्यातून कळते. ‘ब्लू इन कलर’ मात्र काहीच मर्यादा घालत नाही. निळेपण रंगाखेरीज दुसऱ्या कशात असणार? तेथे पदबंध गाळलेला बरा.

सर्वांत जास्त गोंधळ ‘फॉर’चा होतो, कारण ते दोन अगदी वेगळी कामे करते. ‘वॉकिंग इज गुड फॉर द हार्ट’ यात ते लाभ सांगते, तर ‘ही इज टॉल फॉर हिज एज’ यात ते मोजपट्टी देते. मराठीत ही कामे दोन वेगळ्या शब्दांकडे आहेत, ‘साठी’ आणि ‘च्या मानाने’, आणि या बाबतीत मराठी अधिक नेमकी आहे. अडचण उलट दिशेने जाताना येते. ‘वयाच्या मानाने उंच’ लिहायचे म्हटल्यावर ‘फॉर’ फारच किरकोळ वाटते, आणि मग ‘टॉल ॲकॉर्डिंग टू हिज एज’ असे भारदस्त पण चुकीचे रूप कागदावर उतरते. ‘ॲकॉर्डिंग टू’ म्हणजे कोणाच्या तरी सांगण्यानुसार किंवा एखाद्या नियमानुसार. वय काही सांगत नाही आणि नियमही घालून देत नाही, ते फक्त तुलनेचा पाया पुरवते. तेथे ‘फॉर’च हवे.

मोजपट्टीच्या ‘फॉर’मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असते आणि ती लिहिणाऱ्याने लक्षात ठेवलीच पाहिजे. ‘ही इज गुड फॉर अ बिगिनर’ ही स्तुती खरी, पण तिने माणसाला नवशिक्यांच्या रांगेत बसवले. एरवी तो चांगला ठरेल असे हे वाक्य म्हणत नाही. शिफारस करायची असेल तर हे ‘फॉर’ फार जपून वापरावे.

मर्यादा क्षेत्राची (कशात चांगला) आहे की मोजपट्टीची (कशाच्या मानाने चांगला), हे ओळखायला जागाबदल हा चांगला उपाय आहे. मोजपट्टीचा पदबंध विशेषणापासून सुटा होऊ शकतो: ‘अ टॉल बॉय फॉर हिज एज’ हे सहज चालते, आणि ‘फॉर हिज एज, ही इज टॉल’ हेही. क्षेत्राचा पदबंध विशेषणाला चिकटून असतो. ‘अ बॉय गुड ॲट मॅथ्स’ बरोबर आहे, पण ‘अ गुड बॉय ॲट मॅथ्स’ म्हटले की ‘गुड’ मुलाच्या वागणुकीकडे वळते आणि ‘ॲट मॅथ्स’ अधांतरी लोंबकळते. ‘अ गुड ॲट मॅथ्स बॉय’ तर होतच नाही. मराठीत ‘गणितात हुशार मुलगा’ हा क्रम स्वाभाविक आहे, म्हणून ही चूक पुन्हा पुन्हा होते. ‘डिफरंट’ आणि ‘सिमिलर’ ही विशेषणे मात्र या नियमाला अपवाद आहेत. ‘अ डिफरंट बुक फ्रॉम धिस वन’ अशी त्यांची फोड करता येते. ‘डिफरंट’पुढे ब्रिटिश बोलीत ‘टू’ आणि अमेरिकी बोलीत ‘दॅन’ही येतो, पण औपचारिक लेखनात ‘फ्रॉम’वर कोणीही बोट ठेवणार नाही.

शेवटची निवड पदबंध आणि जोडविशेषण यांच्यातली. ‘लो इन फॅट’ आणि ‘लो-फॅट’ यांचा आशय एकच, जागा वेगळ्या. नामाच्या आधी जोडविशेषण येते, ‘अ लो-फॅट डाएट’. नामानंतर किंवा क्रियापदानंतर पदबंध येतो, ‘अ डाएट लो इन फॅट’. वस्तूवरचे लेबल लिहायचे असेल तर पहिले रूप घ्यावे, दोन-तीन घटकांचा उल्लेख करायचा असेल तर दुसरे, कारण ‘लो इन फॅट अँड हाय इन फायबर’ असे ते वाढवता येते. माणसांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. ‘वन-आइड’ हे जोडविशेषण छोटे आहे, पण ते माणसाच्या आधी लागून त्याची ओळखच होऊन बसते, शिवाय ज्याला एकच डोळा आहे असाही त्याचा अर्थ होतो, आणि ऑस्ट्रेलियात तर ते एकांगी, पक्षपाती माणसासाठी वापरतात. ‘अ मॅन ब्लाइंड इन वन आय’ यात माणूस आधी येतो आणि उणीव एका डोळ्यापुरतीच राहते, म्हणून मी नेहमी हेच रूप निवडतो.